जळक्या वासाची वेळीच दखल

सायंकाळी दुकाने वाढवून उपनगरांकडे परतणाऱ्या गाड्यांची रांग वाकोला पुलाच्या चढावर आली, की तिचा वेग पायी चालणाऱ्याइतका उरतो. एप्रिल २०१४ मध्ये खुला झालेला सांताक्रूझ–चेंबूर जोडरस्ताही याच परिसरात पश्चिम द्रुतगती महामार्गाजवळ येतो. घाटकोपर, चेंबूर आणि पश्चिम उपनगरे यांच्यामध्ये व्यापारानिमित्त ये-जा करणाऱ्या कुटुंबांचा हा नित्याचा मार्ग. चार हात पुढे जाणे आणि पुन्हा थांबणे, असा क्रम बराच वेळ चालला की कधी कधी गाडीत जळका वास शिरतो. काचा वर केल्या जातात आणि घरी पोहोचेपर्यंत तो विसरलाही जातो. वस्तुतः बिघाडाची ही पहिली सूचना असते. तिची वेळीच दखल घेतली तर थोडक्यात भागते. न घेतल्यास प्रसंगी संपूर्ण गिअरबॉक्सचा खर्च अंगावर येतो.

वास केव्हा येतो आणि कसला येतो, हे प्रथम पाहावे. कागद जळाल्यासारखा कोरडा, उग्र वास चढावर किंवा कोंडीतच येत असेल, तर संशय क्लचवर घ्यावा. इंजिनाची शक्ती गिअरबॉक्सकडे पोहोचवणाऱ्या क्लच प्लेटवर घर्षणाचे अस्तर असते. पेडल अर्धवट दाबून गाडी चढावर तोलून धरली, की ही प्लेट फ्लायव्हीलवर घासत राहते आणि त्या उष्णतेने अस्तर जळू लागते. चालक यालाच ‘हाफ क्लच’ म्हणतात.

२०१४ साली मारुती सेलेरिओबरोबर एएमटी ही पद्धत आपल्याकडील सामान्य ग्राहकाच्या आवाक्यात आली. क्लचचे पेडल नाही, म्हणजे क्लचच नाही, असा समज तेव्हापासून अनेकांचा झाला आहे. प्रत्यक्षात अशा गाडीतही क्लच प्लेट असतेच. ती दाबण्याचे काम पावलाऐवजी यंत्र करते. चढावर ब्रेक न लावता केवळ ॲक्सिलरेटरच्या आधाराने गाडी रोखून धरली, तर ही प्लेटही तशीच जळते.

क्लचची परीक्षा सोपी आहे. मोकळ्या रस्त्यावर, वेगमर्यादा पाळून, वरच्या गिअरमध्ये ॲक्सिलरेटर दाबावा. इंजिनाचे फेरे झपाट्याने वाढले, पण गाडीचा वेग त्या प्रमाणात वाढला नाही, तर क्लच घसरत आहे असे समजावे. वास एकदाच आला, गाडी थंड झाल्यावर गेला आणि घसरण दिसत नसेल, तर चालवण्याची सवय सुधारणे बहुधा पुरेसे ठरते. घसरण असल्यास प्लेट बदलावी लागते. त्यासाठी गिअरबॉक्स उतरवणे बहुतेक गाड्यांत अपरिहार्य असल्याने प्रेशर प्लेट आणि रिलीज बेअरिंगही त्याच वेळी बदलणे हिताचे. इंजिनाच्या मागील ऑइल सीलमधून गळती आहे का, हेही तेव्हाच पाहून घ्यावे; अन्यथा नवी प्लेट पुन्हा तेलाने भिजेल.

टॉर्क कन्व्हर्टर किंवा सीव्हीटी असलेल्या गाडीत दोष प्रामुख्याने तेलात शोधावा. हे तेल इंधनासारखे खर्च होत नाही. पातळी कमी झाली असेल तर कोठेतरी गळती आहेच. तेल काळपट झाले असेल आणि त्याला करपल्याचा वास येत असेल, तर आतील भाग तापले आहेत. तेल बदलताना उत्पादकाने सांगितलेलेच तेल वापरावे. सीव्हीटीचे तेल निराळे असते. तळाच्या तेलात धातूचा कीस आढळला, तर केवळ तेल बदलून भागत नाही.

२६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझच्या वेधशाळेने एका दिवसात ९४४ मिलिमीटर पाऊस नोंदवला होता. तुंबलेल्या पाण्याचा धोका या भागातील रहिवाशांना नवा नाही. अशा पाण्यातून गेलेल्या गाडीच्या गिअरबॉक्समध्ये पाणी शिरले असेल, तर तेल दुधाळ दिसते. अशी गाडी चालवत न नेता उचलून न्यावी.

प्रत्येक जळका वास गिअरबॉक्सचाच असतो असेही नाही. एकाच चाकाजवळ वास आणि उष्णता जाणवली, तर ब्रेक अडकला असेल. सायलेन्सरला चिकटलेली प्लास्टिकची पिशवीही असाच भ्रम निर्माण करते. मात्र वायर जळाल्याचा वास किंवा धूर आला, तर गाडी बाजूला घेऊन इंजिन बंद करावे, सर्वांनी खाली उतरून दूर उभे राहावे. धूर येत असताना बॉनेट उघडू नये.

गॅरेजमध्ये गेल्यावर निदान आपण सांगू नये, लक्षणे सांगावीत: वास कोठे आला, चढावर की सपाटीवर, त्या वेळी फेरे वाढले का. मोठ्या खर्चास संमती देण्यापूर्वी जळलेली प्लेट किंवा काढलेले तेल प्रत्यक्ष पाहावे आणि बदललेले जुने भाग परत मागावेत. माल पारखून घेण्याची व्यापाऱ्याची रीत येथेही उपयोगी पडते.

चढावर थांबताना हँडब्रेक लावावा, गाडी न्यूट्रलमध्ये ठेवावी आणि चालताना डावे पाऊल क्लचवर टेकवून ठेवू नये. घरातील तरुण नव्याने गाडी चालवू लागतात, तेव्हाच त्यांना ही शिस्त लावावी.