हळदीची कॅप्सूल
वसमतच्या हळदीला 2024 मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, मोंढ्यात पोत्यांच्या थप्प्या लागतात, आणि आमच्या गल्लीतल्या पन्नाशीच्या एका भाऊंनी या आठवड्यात हळदीच्या कॅप्सूल कुरिअरनं मागवल्या! पोट कमी करायचंय म्हणे. भाऊ, हळद वरणातच बरी. पोटावरचा उपाय आपल्या लातूरच्या वैद्यकीय महाविद्यालयात शिकवलेल्या डॉ. जगन्नाथ दीक्षितांनी कधीच सांगून ठेवलाय, तोही डॉ. श्रीकांत जिचकारांच्या व्याख्यानातून घेऊन: दिवसातून दोनदाच जेवा, जेवण 55 मिनिटांत आटपा, 45 मिनिटांत साडेचार किलोमीटर चाला. फुकटचा सल्ला, म्हणून पचत नाही. त्यातच आहारतज्ज्ञ ऋजुता दिवेकर म्हणाल्या, दर दोन तासांनी थोडं खा. आपली मंडळी मोठ्या मनाची, दोघांचंही ऐकतात: दोन भरपेट जेवणं, शिवाय दर दोन तासांनी थोडं काहीतरी. पहाटे फिरायला जाणारेही परतताना भज्यांच्या गाड्यावर भेटतात. पण माझ्या मते खरा वैरी भजी नव्हे, चहा. मोंढ्यात ज्या दुकानी टेकाल तिथं साखरेचा अर्धा कप पुढे येतो, नाही म्हटलं तर शेठ रुसतात. रुसू द्या. शुगरच्या गोळ्या चालू असतील तर जेवणाच्या वेळा डॉक्टरांना विचारून बदला. तो अर्धा कप मात्र कुणालाही न विचारता बंद करा.