निर्ण्याची आजी

आमच्या आजीने निर्णा कधी सोडलं नाही. राज्यं मात्र बदलत गेली. जन्म निजामाच्या हैदराबाद संस्थानातला. १९५६ साली बीदरबरोबर गाव म्हैसूर राज्यात गेलं, १९७३ साली त्याच राज्याचं नाव कर्नाटक झालं. उदगीरकडचे सोयरे तेवढे महाराष्ट्रात गेले. पण आजीच्या घरी येणंजाणं थांबलं नाही. घरात मराठी, बाजारात कन्नड आणि शेजारच्या खालांशी दखनी, असं तिचं बोलणं.

मार्गशीर्ष हा तिचा महिना. पौर्णिमेला दत्तजयंती, तेव्हा हुमनाबादजवळच्या माणिकनगरला माणिकप्रभूंच्या दर्शनाला जायचंच. पंधरा दिवसांनी वेळ अमावास्या. शेतात कडब्याची खोप, पांडवांची पूजा, मग भज्जी, अंबील आणि उंडे. नैवेद्य झाला की वाटेने जाणाऱ्याला हाक मारून जेवायला बसवायचं, हा तिचा नेम. जात कोणती, भाषा कोणती, हे ती विचारत नसे.

नव्वदी ओलांडून ती गेली. भेटायला आलेल्यांपैकी निम्म्यांना आम्ही ओळखत नव्हतो. ते मात्र आम्हा नातवंडांना नावानिशी ओळखत होते. आजीने जोडलेली माणसं आपल्यापर्यंत येऊन तुटू नयेत, एवढंच वाटतं.

मुलांनो, तिच्यासारखी पूजाअर्चा तुम्हाला जमेल न जमेल. यंदा वेळ अमावास्येला भज्जी मात्र करा आणि इमारतीतल्या एखाद्या अनोळखी घराला जेवायला बोलवा. कशी करायची ते काकूला विचारा; ती आजीच्याच हाताखाली शिकली आहे.