पुढच्याचे तेल

दिवाळीच्या फराळासाठी अकोल्याहून अमरावतीला बहिणीकडे गेलो तो दारातच थबकलो. रांगोळीच्या जागी वर्तमानपत्र पसरलेले व त्यावर मोटरसायकलचे आरसे, दिवे, इंडिकेटर आणि स्टँड असा सारा मुद्देमाल मांडलेला! भाचेराव तेलकट हातांनी पाना चालवीत होते.

बहीण सोऱ्या घेऊनच बाहेर आली. "पाह्य भाऊ, मद्रासले शर्यतीत जातो म्हणते! तूच सांग त्याले. माह्यं तं आयकतच नाही."

गाडी यामाहाची आर. एक्स. १००. नाव शंभर, पण इंजिन ९८ सी.सी.चे. १९९६ साली तिचे उत्पादन बंद झाले. म्हणजे गाडी भाच्याहून वडील!

मी मामाच्या अधिकाराने घसा खाकरला. "अरे, वेगाची हौसच असेल तर आपला अकोला-अमरावती रस्ता काय वाईट आहे? २०२२ च्या जूनमध्ये लोणी ते माना ७५ किलोमीटर डांबरीकरण १०५ तास ३३ मिनिटांत झालं, गिनीज बुकात नोंद झाली!"

"मामा, त्या रस्त्यावर समोरून येणाऱ्याला शर्यत चालू आहे हे ठाऊक नसतं. चेन्नईजवळ इरुंगट्टुकोट्टईला ३.७ किलोमीटरचा बंदिस्त मार्ग आहे. तिथं सारे एकाच दिशेनं जातात."

मी निरुत्तर झालो व पाट ओढून बसलो. वेग वाढविण्याची काही गुप्त विद्या पाहायला मिळेल अशी अपेक्षा होती. पण सकाळ गेली ती काढून टाकण्यातच. वळणावर गाडी कलली की स्टँड जमिनीला घासतो, म्हणून तो काढायचा. गाडी पडली तर काचा मार्गावर पसरतात, म्हणून दिवे व आरसे काढायचे.

मग त्याने गिअरबॉक्सचे तेल काढण्याच्या बोल्टच्या डोक्याला बारीक भोक पाडले, त्यातून तार ओवली व पीळ देऊन तिचे दुसरे टोक इंजिनाला बांधले. बोल्ट सैल होऊ लागला की तार ताणली जाते व त्याला अडवते.

"एवढी खटपट कशाला? बोल्ट घट्ट आवळला की झालं!"

"मामा, माझं तेल सांडलं तर मी कदाचित पुढं निघून जाईन. पडतो तो मागचा."

वाचकहो, पुढच्यास ठेच, मागचा शहाणा, असे आपण म्हणतो. येथे सारेच उलटे! आणि मला १९८९ सालची एक संध्याकाळ आठवली. माझ्या स्कूटरचे तेल गळत होते. 'पाहू पगारानंतर' म्हणून मी ती तशीच चालवीत होतो. अकोल्यातल्या एका वळणावर मागे सायकल आदळल्याचा आवाज झाला. मी थांबलो नाही. त्या माणसाला किती लागले, हे मला आजही माहीत नाही.

बहिणीने सांगितलेला उपदेश राहूनच गेला. मी चष्मा लावला आणि पक्कड मागितली.

पुढे बदनेरा स्टेशनवर टाकीतले पेट्रोल काढून गाडी पार्सलला दिली, तेव्हा बहीणही आली होती. शर्यतीबद्दल ती चकार शब्द बोलली नाही. फक्त खाली वाकली व ती तार बोटाने दोनदा ओढून पाहिली.