अहवाल वाचता येईल असं इंग्रजी
२२ जुलै २०२१ रोजी महाड तालुक्यातल्या तळीये गावावर दरड कोसळली आणि ८०हून अधिक माणसं गेली. पश्चिम घाटाबद्दलचा गाडगीळ समितीचा अहवाल त्याआधी दहा वर्षं, २०११ मध्ये, इंग्रजीत लिहून झाला होता. असे अहवाल गावाला कळावेत म्हणून महाड-पोलादपूरच्या महाविद्यालयांत इंग्रजीच्या तासाला नोकरीच्या अर्जांचे नमुने घोटवण्याऐवजी असा अहवाल वाचून त्याचा गोषवारा ग्रामसभेसाठी मराठीत लिहायला लावावा, आणि गावाचं म्हणणं इंग्रजीत मांडायला शिकवावं. सरकारनेच मराठीत लिहावं, हा आक्षेप रास्त आहे. ती मागणी सोडूच नये, पण तोवर पावसाळे येतच राहणार. मग साहित्याचं काय? ते हवंच. कथेत कोण बोलतंय आणि कोण गप्प आहे हे ओळखायची सवय लागली, की अहवालातली कर्ता गाळून लिहिलेली वाक्यंही खटकू लागतात. महाडच्याच चवदार तळ्याच्या सत्याग्रहानंतर दोनच आठवड्यांत, ३ एप्रिल १९२७ला, बाबासाहेबांनी ‘बहिष्कृत भारत’ हे पाक्षिक मराठीत सुरू केलं; पुढच्या वर्षी सायमन कमिशनपुढचं निवेदन मात्र इंग्रजीत दिलं. महाडच्या मुलांनाही दोन्ही भाषांत असं लिहिता येईल, फक्त प्रश्नपत्रिकेत अशा लेखनाला गुण हवेत.