उपेक्षित आहार्य

नाटकाच्या जाहिरातीत लेखक, दिग्दर्शक आणि नट यांची नावे ठळक अक्षरांत झळकतात. नेपथ्यकार, संगीतकार यांनाही स्थान मिळते. वेशभूषाकाराचे नाव मात्र बहुधा शेवटच्या ओळीत, रंगभूषेच्या शेजारी कोठेतरी असते. वस्तुतः भरतमुनींनी नाट्यशास्त्रात अभिनयाचे जे चार प्रकार सांगितले, त्यांत आंगिक, वाचिक आणि सात्त्विक यांच्या जोडीला ‘आहार्य’ अभिनयाची गणना केलेली आहे. वस्त्र, अलंकार, रंग यांना भरतमुनींनी केवळ शोभेची सामग्री मानले नाही, त्यांना अभिनयाचेच पद दिले. नट तोंड उघडण्यापूर्वी त्याचा वेश बोलू लागतो. पात्राचा काळ, प्रदेश, व्यवसाय, सांपत्तिक स्थिती आणि मनःस्थिती यांचा पहिला परिचय प्रेक्षकाला वेशातूनच होतो. इतके मोठे कार्य करणाऱ्या या कलेकडे आपण किती गांभीर्याने पाहतो?

महाराष्ट्राला ही कला नवी नाही. बालगंधर्वांनी रंगभूमीवर नेसलेली पैठणी आणि ल्यालेले दागिने पाहून घराघरांतील स्त्रियांनी नेसण्याची पद्धत उचलली. 1913 साली स्थापन झालेल्या गंधर्व नाटक मंडळीने पोशाखांवर पाण्यासारखा पैसा खर्च केला. त्या वैभवाची किंमत मंडळीला कर्जाच्या रूपाने मोजावी लागली, हेही खरे. याच्या अगदी उलट उदाहरण प्रभातच्या 1936 सालच्या ‘संत तुकाराम’ चित्रपटाचे. तेथे भरजरी काहीच नव्हते. साधे धोतर, मुंडासे आणि जिजाईचे कष्टकरी लुगडे. तरीही देहूचा तो संसार प्रेक्षकांना खरा वाटला. पोशाख किती महाग यापेक्षा तो पात्राला किती शोभतो, हीच या कलेची कसोटी आहे, हे या दोन्ही उदाहरणांवरून ध्यानात येते.

या कलेला जागतिक मान्यता मिळवून दिली ती कोल्हापूरच्या भानू अथैया यांनी. 1929 साली जन्मलेल्या भानुमती राजोपाध्ये यांचे वडील अण्णासाहेब हे स्वतः चित्रकार. मुंबईच्या जे. जे. कलाशाळेत शिकून भानूताईंनी चित्रपटसृष्टीत पाऊल टाकले आणि ‘प्यासा’, ‘साहिब बीबी और गुलाम’, ‘गाइड’ यांसारख्या चित्रपटांना वेशभूषा दिली. रिचर्ड अॅटनबरो यांच्या ‘गांधी’ चित्रपटासाठी जॉन मोलो यांच्यासमवेत त्यांना 1983 साली ऑस्कर पुरस्कार मिळाला. हा पुरस्कार मिळविणाऱ्या त्या पहिल्या भारतीय. दक्षिण आफ्रिकेतील सुटाबुटातील बॅरिस्टर ते पंचा नेसलेला महात्मा हा प्रवास त्या चित्रपटात कपड्यांतूनही उलगडतो. पुढे ‘लेकिन’ आणि ‘लगान’ या चित्रपटांच्या वेशभूषेसाठी त्या राष्ट्रीय पुरस्काराच्या मानकरी ठरल्या. 15 ऑक्टोबर 2020 रोजी त्यांचे निधन झाले.

त्यांच्या कार्याचा एक धागा मराठवाड्याशी जोडलेला आहे. 1966 साली आलेल्या ‘आम्रपाली’ चित्रपटाच्या वेशभूषेसाठी त्यांनी अजिंठ्याच्या भित्तिचित्रांचा आधार घेतला. त्या चित्रांत पट्ट्यापट्ट्यांची अंतरीये आहेत, उत्तरीये आहेत, केशरचनेचे नाना प्रकार आहेत आणि पहिल्या लेण्यातील नर्तकीच्या अंगात शिवलेली बाह्यांची चोळीही आहे. आम्रपालीचा काळ आणि अजिंठ्याची बहुतेक चित्रे यांत कित्येक शतकांचे अंतर आहे. पण जेथे समकालीन पुरावा नाही, तेथे मनाला येईल ते शिवण्याऐवजी उपलब्ध पुराव्यांतील जवळचा पुरावा शोधावा, ही अभ्यासकाची शिस्त त्यात दिसते.

आता जालना जिल्ह्यातील जाफराबादसारख्या तालुक्याच्या गावाकडे वळावे. पूर्णेच्या खोऱ्यातील या गावाहून अजिंठा एका दिवसात पाहून येण्याजोगा आहे. जिजाऊमाँसाहेबांचे जन्मस्थान असलेले सिंदखेडराजा त्याहूनही जवळ. पैठणीला जिचे नाव लाभले, ती पैठणनगरी याच मराठवाड्यातली. असे असूनही अशा गावांतील शालेय स्नेहसंमेलनात किंवा शिवजयंतीच्या मिरवणुकीत काय दिसते? ड्रेपरीच्या दुकानातून भाड्याने आणलेले चकचकीत नायलॉनचे अंगरखे, पुठ्ठ्याचे मुकुट आणि सोनेरी कागदाच्या तलवारी. महाराज, मावळा, सरदार आणि पौराणिक राजा यांच्या अंगावर जवळपास एकच पोशाख. शिवछत्रपतींच्या उपलब्ध जुन्या चित्रांत अंगात जामा, कमरेला पटका आणि मस्तकी त्या काळचे शिरोभूषण असा नेमका वेश दिसतो. तो पाहण्याचे कष्ट सहसा कोणी घेत नाही. टाळ्या वाजतात, छायाचित्रे निघतात आणि मुलांच्या मनात इतिहासाचे एक खोटे चित्र कायमचे घर करते.

मोठ्या पडद्यावरही परिस्थिती फारशी वेगळी नाही. 2015 साली ‘बाजीराव मस्तानी’ चित्रपटातील ‘पिंगा’ नृत्यावर आक्षेप घेतला गेला, तो काशीबाईंना ज्या वेशात आणि ज्या पद्धतीने नाचविले, त्यासाठीच. तेव्हा संताप पुष्कळ व्यक्त झाला. परंतु पेशवाईतील स्त्रिया प्रत्यक्षात काय नेसत होत्या, याचा अभ्यास त्या संतापातून किती घडला? निषेध करणे सोपे असते, पुरावा गोळा करणे कठीण. ज्या समाजाला स्वतःच्या पूर्वजांचा वेश ठाऊक नाही, त्याने इतरांच्या चुकांवर बोट ठेवले, तरी त्या बोटात बळ कोठून येणार?

आर्थिक अडचण हे याचे खरे कारण नव्हे. सुती धोतर, बाराबंदी, पागोटे, इरकली लुगडे, खणाची चोळी, घोंगडी यांसाठी राजवैभव लागत नाही. यांतील कितीतरी वस्त्रे आजही आजीच्या ट्रंकेत घडी घालून ठेवलेली आहेत. निऱ्या कशा घालाव्यात, काष्टा कसा खोचावा, पागोट्याचा पीळ कसा द्यावा, हे ज्ञान वृद्धांच्या हातात आहे आणि ते हात थकत चालले आहेत. शाळांनी भाड्याच्या पोशाखांवरील खर्चातून दरवर्षी दोन-चार अस्सल वेश गावातल्याच शिंप्याकडून शिवून घेतले, तर काही वर्षांत शाळेचा स्वतःचा संग्रह उभा राहील. इतिहासाच्या शिक्षकांनी अजिंठ्याच्या सहलीत मुलांना चित्रांतील वस्त्रे टिपून घ्यायला सांगावीत. गावातील वृद्ध महिलांना बोलावून नेसण्याचे पाठ घ्यावेत आणि त्यांची छायाचित्रे व नोंदी जपून ठेवाव्यात.

भानूताईंनी 2012 साली आपले ऑस्कर मानचिन्ह सुरक्षित राहावे म्हणून अमेरिकेतील अकादमीकडे परत सोपविले. आपल्या देशात ते नीट जपले जाईल, असा भरवसा त्यांना वाटला नाही. एका मराठी कलावतीच्या या निर्णयाने खरे तर प्रत्येकाने अंतर्मुख व्हायला हवे होते. ते मानचिन्ह आता परत येणार नाही. परंतु ज्या अभ्यासाने ते मिळवून दिले, त्या अभ्यासाची साधने अजिंठ्याच्या भिंतींवर आणि घरोघरीच्या ट्रंकांत अजून शिल्लक आहेत. ती तरी आपल्याच हातून हरवू नयेत.