डबा रिकामा परत आला का?

रात्री दीड वाजता भूक लागली की आपण काय करतो? फोन काढतो, ॲप उघडतो, 'काय मागवू' यात दहा मिनिटं घालवतो आणि पाऊण तासात बर्गर दारात हजर. सूचनांमध्ये 'दाराबाहेर ठेवा' टाकलं की कुणाचं तोंडही बघावं लागत नाही. आपल्याला तेच आवडतं ना? कुणी बेल वाजवू नये, कुणी बोलू नये, फक्त जेवण यावं.

आता असं एक दार डोळ्यांसमोर आणा, जिथे याच्या बरोब्बर उलटं आहे. दिवसभरात बेल एकदाच वाजते, दुपारी साडेबाराला. आणि ती वाजेल म्हणून आतलं माणूस बारा वाजल्यापासून दाराजवळ खुर्ची ओढून बसलेलं असतं.

गेली दोन वर्षं मी डोंबिवलीत अशा बेल वाजवतेय. आमच्या भागातल्या काही गृहिणी, तीन निवृत्त काका आणि आम्ही सात-आठ कॉलेजवाले मिळून एकट्या राहणाऱ्या, घराबाहेर पडू न शकणाऱ्या आजी-आजोबांना दुपारचा डबा पोचवतो. माझा वार मंगळवार. सात डबे, चार बिल्डिंगा, एक स्कूटी. ऐकायला एकदम 'क्यूट' वाटतं, माहितेय मला. फोटो टाकला तर लाइक्सचा पाऊस पडेल. पण मला सांगायचंय ते मी बुडवलेल्या एका मंगळवारबद्दल.

त्याआधी 'बाहेर पडू न शकणारे' म्हणजे कोण, ते बघा. माझी कल्पना होती की हे लोक अंथरुणाला खिळलेले असतील. तसे नाहीयेत. माझ्या सातपैकी पाच जण घरात व्यवस्थित चालतात, पेपर वाचतात, एक आजोबा तर शब्दकोडं माझ्याआधी सोडवतात. त्यांची अडचण आहे जिना. डोंबिवलीतल्या जुन्या तीन-चार मजली बिल्डिंगांना लिफ्ट नाही. तिशीत असताना ऐटीत घेतलेला तिसऱ्या मजल्यावरचा हवेशीर फ्लॅट पंच्याहत्तरीत गुडघे गेले की किल्ला होतो. उतरलं तर चढायचं कसं? मग हळूहळू भाजी आणणं थांबतं, दळण थांबतं. एकट्यासाठी काय कुकर लावायचा म्हणून चहा-बिस्किटांवर दुपार निघते. पैसे नाहीत म्हणून उपाशी राहणारे वेगळे आणि असे अर्धपोटी राहणारे वेगळे. हे दुसरे आपल्याला दिसतच नाहीत, कारण ते खाली येतच नाहीत.

२०११च्या जनगणनेत आपल्या देशात साठीच्या पुढचे सुमारे १० कोटी ३८ लाख लोक होते. २०३१पर्यंत हा आकडा १९ कोटींच्या पुढे जाईल, असा सरकारी अंदाज आहे. म्हणजे आपण तिशीच्या आसपास असू, तेव्हा. तिसऱ्या मजल्यावर तेव्हा कोण असेल? आपलेच आई-बाबा साठीच्या आसपास आलेले असतील, एवढं गणित तुम्हीच करा.

आता डब्याची गंमत. आम्ही भरलेला डबा देतो आणि कालचा रिकामा घेतो. पहिल्या दिवशी एका काकूंनी मला सांगितलं, "दिलेल्या डब्यापेक्षा घेतलेल्या डब्याकडे लक्ष ठेव." तेव्हा कळलं नव्हतं. आता कळतं. डबा घासून-पुसून आला की सगळं ठीक. न घासता आला की हात दुखतोय किंवा पाणी आलं नाहीये. पोळ्या तशाच परत आल्या की कवळीचा त्रास आहे, उद्यापासून पोळी वरणात कुस्करून द्यायची. आणि सगळाच डबा भरलेला परत आला, तर स्कूटी तिथेच लावायची, वर जाऊन बसायचं आणि विचारायचं. डॉक्टरांच्या रिपोर्टसारखाच असतो तो डबा, फक्त तो वाचायला कुणीतरी रोज यावं लागतं.

डब्यांवर रंगीत ठिपके असतात. लाल म्हणजे कमी मीठ, हिरवा म्हणजे डायबिटिस, पिवळा म्हणजे सगळं मऊ. मुंबईच्या डबेवाल्यांच्या खुणांवरूनच सुचलेली आयडिया. १८९०पासून त्यांचं काम चाललंय ते वेळेच्या जोरावर. आमचे काका पुन्हा पुन्हा तेच सांगायचे, "वेळ पाळा." मला ते जुन्या पिढीचं लेक्चर वाटायचं.

मग तो मंगळवार आला. दोन वाजता प्रोजेक्टचं सबमिशन, प्रिंटआउट अर्धवट. साडेअकराला मी ग्रुपवर मेसेज टाकला: 'सॉरी, आज नाही जमणार, कुणीतरी माझे डबे घ्या प्लीज'. खाली दोन हात जोडलेले इमोजी. आणि फोन सायलेंट करून टाकला. मेसेज टाकला म्हणजे आपलं काम झालं, असं आपल्याला वाटतं ना? तो मेसेज सव्वा वाजेपर्यंत कुणी बघितलाच नाही. डबे निघाले तेव्हा दोन वाजून गेले होते.

हिरव्या ठिपक्याच्या एक आजी आहेत. त्या जेवणाआधी इन्सुलिन घेतात. दोन वर्षांत डबा कधी चुकला नव्हता, म्हणून त्यांनी नेहमीसारखं बाराला इंजेक्शन घेतलं आणि खुर्ची ओढून बसल्या. इन्सुलिन घेतलं आणि पोटात काही गेलं नाही तर शुगर खाली येते, हे मी दहावीच्या पुस्तकातच नाही, तर त्यांच्या डब्यावरच्या ठिपक्यातही वाचलेलं होतं. त्यांना दरदरून घाम फुटला, हात थरथरायला लागले. नशीब, समोरच्या वहिनी घरी होत्या. त्यांनी साखरेचं पाणी पाजलं म्हणून निभावलं.

संध्याकाळी मी रडवेली होऊन गेले. मला वाटलं, ओरडतील. आजी म्हणाल्या, "अगं, चूक माझीच. तू येणार म्हणून आधीच घेतलं मी." यापेक्षा त्या ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं.

त्या दिवसापासून मला 'सेवा' या शब्दाची थोडी भीती वाटते. कारण 'सेवा' म्हटलं की आपल्याला वाटतं, आपण करू तेवढं बोनस. दोन तास केलं, छान. नाही जमलं, तरी ठीक. पण ज्याच्या दारात आपण जातो, त्याच्यासाठी ते टाइमटेबल असतं. तो गोळ्यांची वेळ, आंघोळीची वेळ, अगदी बोलायची वेळही आपल्यावर बेतून ठेवतो. म्हणून माझं म्हणणं एवढंच आहे: कमी करा, पण ठरवून करा. वाढदिवसाला वृद्धाश्रमात केक कापून, ग्रुप फोटो काढून परत येणाऱ्या पन्नास जणांपेक्षा वर्षभर दर गुरुवारी येणारी एक मुलगी आजीला जास्त उपयोगाची आहे. केक वाईट नाही. पण शुक्रवारी काय?

यावर मला तीन प्रश्न नेहमी विचारले जातात.

पहिला: "त्यांच्या मुलांनी बघायला नको का?" बघायला हवं. त्यासाठी २००७चा कायदाही आहे, आई-वडील न्यायाधिकरणाकडे निर्वाहभत्ता मागू शकतात. पण माझ्या सातपैकी बहुतेकांची मुलं पैसे पाठवतात, रोज व्हिडिओ कॉल करतात. कुणी पुण्यात, कुणी बंगळुरूला, कुणी ह्यूस्टनला. ती वाईट नाहीत, लांब आहेत. पैसा लांबून येतो. डबा रिकामा आहे की भरलेला, हे लांबून दिसत नाही.

दुसरा: "मग ॲपवरून मागवून द्या ना." ओटीपी, लोकेशन, 'युअर ऑर्डर इज ऑन द वे'... ऐंशीच्या आजोबांना हे जमलं तरी डिलिव्हरीवाल्या दादाच्या डोक्यावर पुढच्या ऑर्डरचं घड्याळ असतं. त्याने पाच मिनिटं थांबून "कालची भाजी का ठेवलीत?" विचारावं, ही अपेक्षा त्याच्यावर अन्यायच.

तिसरा: "फुकट दिलं तर त्यांना अपमान वाटत नाही का?" वाटतो. म्हणून आमच्याकडे ज्यांना जमतं ते पैसे देतात, नाही जमत ते देत नाहीत. पाकिटं बंद असतात आणि ती एकच काकू उघडतात. डबा नेणाऱ्याला कोण देतं, कोण नाही, हे कळत नाही. मला आजही माहीत नाही आणि मी विचारतही नाही.

आणि हे काम 'मोठ्यांचं' आहे असं वाटत असेल, तर एक इतिहास सांगते. घरपोच जेवणाची ही चळवळ दुसऱ्या महायुद्धात ब्रिटनमध्ये स्वयंसेविकांनी सुरू केली. अमेरिकेत ती १९५४मध्ये फिलाडेल्फियात सुरू झाली, तेव्हा डबे भरून पोचवणारी होती शाळकरी मुलं, आपल्यापेक्षाही लहान! त्यांना 'प्लॅटर एंजल्स' म्हणायचे. आपल्याकडे भाईंदरला डॉ. उदय मोदींची 'श्रवण टिफिन सेवा' वर्षानुवर्षं हेच काम करत आली आहे.

कॉलेजांकडेही एक मागणी आहे. एनएसएसमध्ये वर्षाला १२० तास भरावे लागतात. त्यातले बरेच तास रॅली, पोस्टर आणि भाषण ऐकण्यात जातात, हे आपण सगळे जाणतो. आठवड्यातून एक वार, दोन तास, असे तीस आठवडे धरले तरी साठ तास होतात. निम्मा कोटा! हे तास मुलांना आसपासच्या डब्यांसाठी द्या. हजेरी घ्यायला डबा आहेच.

सुरुवात करायची असेल तर आधी स्वतःच्या बिल्डिंगमधली नावं आठवा. कोण बऱ्याच दिवसांत खाली दिसलं नाही? एकच वार निवडा, तुम्हाला नक्की जमेल असा. एकट्याने घेऊ नका, जोडी करा. तुमची परीक्षा असेल तेव्हा जोडीदार जाईल. आणि सुट्टी हवी असेल तर मेसेज टाकू नका, फोन करा आणि समोरच्याने 'हो' म्हटल्याशिवाय ठेवू नका. कुणी वृद्ध खरंच अडचणीत दिसले तर १४५६७ ही ज्येष्ठांसाठीची टोल फ्री हेल्पलाइन आहे, तो नंबर आत्ताच सेव्ह करा.

मी आता बारा वीसलाच पोचते. आजी दार उघडतात, आधी मला आत घेतात, डबा उघडतात, पहिला घास हातात धरतात आणि मगच इंजेक्शनची डबी पुढे ओढतात. दोन वर्षांचा विश्वास एका मंगळवारी गेला. तो परत मिळवायला किती मंगळवार लागतील, ते मी अजून मोजतेय.