अपुऱ्या खेळाचें मोल

आमच्या घरांत गेल्या महिन्यांत एक तंटा उपस्थित झाला व तो अद्याप सर्वस्वीं मिटलेला नाहीं. तंट्याचें मूळ म्हणजे आमच्या चौदा वर्षांच्या नातवाचे सहाशें रुपये. मुंजीच्या भिक्षावळींत जमलेल्या रकमेंतून राखून ठेवलेल्या या पैशांतून त्यानें दीड वर्षापूर्वीं, वडिलांच्या खात्यावरून, संगणकावर खेळावयाचा एक व्हिडिओ गेम विकत घेतला. खेळ अपुरा होता, आणि अपुरा आहे असें सांगूनच विकलेला होता. पांच खंडांपैकीं दोन तयार होते. उरलेले तीन वर्षाच्या आंत देऊं, असें कर्त्यांनीं लिहिलें होतें. पहिले पांच महिने बरे गेले. पुढें तेरा महिने झाले, कर्त्यांचें एक अक्षर नाहीं.

सहाशें रुपयांचाच प्रश्न असता तर ते आम्हीं आमच्या निवृत्तिवेतनांतून देऊन मोकळे झालों असतों. परंतु मुलानें एक दोनशेंपानी वही आणून आमच्यापुढें ठेवली. तींत त्यानें खेळतांना आढळलेले दोष तारीखवार टिपून ठेवले होते. अमुक भिंतींतून आरपार जातां येतें; अमुक पुलावरून घोडा खालीं पडला कीं पुन्हां वर येत नाहीं; एका म्हाताऱ्याशीं दुसऱ्यांदा बोललें असतां सगळा खेळच गोठतो. असे एकंदर त्र्याहत्तर दोष. ते सर्व त्यानें आपल्या मोडक्यातोडक्या इंग्रजींत कर्त्यांस कळविले होते, व त्यांपैकीं अकरांबद्दल आभाराचीं उत्तरेंही आलीं होतीं. चाळीस वर्षें ज्यांच्या वह्या तपासल्या त्या विद्यार्थ्यांपैकीं फारच थोड्यांनीं इतकी नेटकी वही आम्हांस दाखविली असेल.

"आजोबा," तो म्हणाला, "मी त्यांचं काम केलं ना? मग त्यांनी माझं अर्धवट का टाकलं?"

आमच्या चिरंजीवांचें म्हणणें निराळें पडलें. ते म्हणाले, "बाबा, त्यानं दोन खंडांचे पैसे दिले, दोन खंड मिळाले. पुढचं होतं तें आश्वासन. तें कांहीं विकलेलं नव्हतं." सूनबाईंनीं यापुढें असलें कांहींही घ्यावयाचें नाहीं असा निकाल देऊन विषय बंद केला. परंतु तो बंद झाला नाहीं, कारण चिरंजीवांच्या त्या वाक्यांतील तर्क आम्हांस मनापासून पटेना, व कां पटत नाहीं तें लवकर सांगतांही येईना.

ज्या वाचकांच्या घरीं या वयाचीं मुलें नाहींत त्यांच्यासाठीं ही रीति थोडक्यांत सांगितली पाहिजे. खेळ पुरा होण्यापूर्वींच तो चाहत्यांस खेळावयास देणें, त्यांच्याकडून दोष समजून घेणें, आणि त्यांनीं भरलेल्या किंमतीवर पुढचें काम चालविणें, यास 'अर्ली अ‍ॅक्सेस' असें म्हणतात. स्वीडनमधील मार्कुस पेर्सन यानें 'माइनक्राफ्ट' हा खेळ २००९ सालीं असाच अपुरा, आणि पुढील किंमतीपेक्षां स्वस्त, विकावयास काढला. तो पुरा म्हणून जाहीर झाला तो नोव्हेंबर २०११ मध्यें. मार्च २०१३ मध्यें 'स्टीम' या संगणकी खेळांच्या जगड्व्याळ दुकानानें अशा अपुऱ्या मालासाठीं निराळें दालनच उघडलें. बेल्जियममधील लॅरियन या मंडळीनें 'बाल्डर्स गेट ३' या खेळाचा केवळ पहिला अंक ऑक्टोबर २०२० मध्यें विकावयास ठेवला, जवळजवळ तीन वर्षें खेळणाऱ्यांचें बोलणें ऐकून घेतलें, आणि ऑगस्ट २०२३ मध्यें पुरा खेळ दिला. त्या वर्षाचा सर्वोत्तम खेळ म्हणून त्याचा गौरवही झाला. उलटपक्षीं 'द डे बिफोर' नांवाचा खेळ ७ डिसेंबर २०२३ रोजीं याच रीतीनें विकावयास आला, आणि ११ तारखेस कर्त्या कंपनीनें आपलें दुकान बंद केल्याचें जाहीर केलें. चार दिवस! गिऱ्हाइकांचे पैसे परत झाले हें खरें, परंतु पुढल्या जानेवारींत तो खेळ नाहींसा झाला तो झालाच.

ही कल्पना आपल्याकडे अगदींच परकी आहे असें मात्र कोणीं समजूं नये. डॉ. केतकरांनीं महाराष्ट्रीय ज्ञानकोश हातीं घेतला तेव्हां एकही खंड छापलेला नसतांना त्यांनीं भाग विकले व गांवोगांव ग्राहक नोंदविले. ज्यांनीं पैसे भरले त्यांनीं कागदावरील एका संकल्पासाठीं भरले. १९२० च्या दशकांत तेवीस खंड निघाले म्हणून आज आपण त्या ग्राहकांस रसिक म्हणतों. ते निघाले नसते तर त्यांस भोळे म्हटलें असतें. अगाऊ पैसे देणारा शहाणा कीं भोळा हें बहुधा घेणाऱ्याच्या वर्तनावरून ठरतें, आणि तेंही मागाहून.

हा विचार करीत आम्ही गच्चींत उभे होतों. समोर दोन इमारतींचें बांधकाम चालू आहे. त्यांतील निम्म्याहून अधिक जागा विकल्या गेल्या आहेत, आणि वरचे मजले अद्याप आकाशांत आहेत. तेव्हां आमच्या ध्यानांत आलें कीं, मिरा-भाइंदरच्या रहिवाशास अपुऱ्या मालाची विक्री समजावून सांगण्याची गरजच काय? हें सारें शहर नकाशावर विकत घेतलेलें आहे!

आम्हीं स्वतः १९९३ सालीं, गिरगांवांतील दोन खोल्यांत तीन बिऱ्हाडें मावेनाशीं झालीं म्हणून, भाइंदरला जागा नोंदविली. त्या वेळीं तेथें जोत्यापलीकडे कांहीं नव्हतें. पलीकडे मिठागरें दिसत. बांधणाऱ्या गृहस्थानें आम्हांस एक रंगीत नकाशा दाखविला. त्यांत बाग होती, बागेंत बांक होतें, आणि बांकावर एक म्हातारें जोडपें बसलेलें होतें. आमच्या पत्नीनें त्या जोडप्याकडे बोट दाखवून, हे आपणच, असें म्हटल्याचें आम्हांस स्पष्ट आठवतें. १९९५ च्या दसऱ्यास ताबा मिळावयाचा होता. मिळाला १९९८ मध्यें. मधल्या तीन वर्षांत पत्नीच्या चार पाटल्या गेल्या, आणि आमच्या मातुःश्रींचें गिरगांवांतच देहावसान झालें. त्यांनीं नवें घर पाहिलें नाहीं. बागेच्या जागीं आज विजेचा ट्रान्सफॉर्मर आहे. जाब विचारावयास गेलों असतां, "मास्तर, जागा मिळाली ना? बाग म्हणजे कल्पना होती," असें उत्तर मिळालें. चिरंजीवांचा तर्क आम्हांस कां पटेना, तें त्या उत्तराच्या आठवणीनें उलगडलें. आम्हीं भिंतींसाठीं पैसे भरले तसे बागेसाठींही भरले होते. मुलानेंही तीन खंड पुढें येणार म्हणूनच दोन विकत घेतले.

कायदा तेव्हांही होता. १९६३ च्या अधिनियमांत ताब्याची तारीख करारांत लिहिण्याचें बंधन होतें. परंतु तें वापरावयाचें तर कोर्टाची पायरी चढणें आलें. आतां संसदेनें २०१६ सालीं स्थावर संपदेचा निराळा कायदा केला, आणि त्याअन्वयें २०१७ पासून आपल्याकडे महारेरा आलें. विकासकानें प्रकल्प नोंदविल्याखेरीज जाहिरात करावयाची नाहीं. लेखी करार नोंदविण्यापूर्वीं किंमतीच्या दशांशाहून अधिक रक्कम घ्यावयाची नाहीं. गिऱ्हाइकांकडून आलेल्या पैशांपैकीं शेंकडा ७० वेगळ्या खात्यांत ठेवून त्याच जमिनीवर व बांधकामावर खर्चावयाचे. आणि ताबा चुकला तर व्याजासह जबाबदारी घ्यावयाची. तंटे संपले असें नाहीं. परंतु बागेस कल्पना म्हणणें आतां पूर्वीइतकें सोपें राहिलेलें नाहीं.

खेळाच्या गिऱ्हाइकास असा खास आधार नाहीं. त्यास आहे तो दुकानदाराचा नियम. स्टीमचा नियम प्रामाणिक आहे हें सांगितलें पाहिजे. प्रत्येक अपुऱ्या खेळावर तो अपुरा असल्याची पाटी असते. आज जें तयार आहे तेवढें पाहूनच घ्या, असें तींत गिऱ्हाइकास बजावलेलें असतें. आणि भावी गोष्टींचीं ठाम वचनें देऊं नका, असें कर्त्यांसही बजावलेलें आहे. विकत घेतल्यापासून चौदा दिवसांत, दोन तासांहून कमी खेळलेला असल्यास, पैसे परत मागतां येतात. वर्षाहून अधिक काळ ज्यावर कांहींच काम झालेलें नाहीं अशा अपुऱ्या खेळावर तशी सूचना लावण्याची प्रथाही २०२५ च्या आरंभीं सुरू झाली. आमच्या नातवाच्या खेळावर ती लागली आहे. परंतु कर्ते गप्प बसणार हें पहिल्या चौदा दिवसांत कोणास कळणार? आणि ज्यानें दोष शोधण्यासाठीं मन लावून तासन्‌तास खेळ खेळला त्याचाच हक्क दोन तासांनीं संपतो, हें तर उफराटें झालें.

मग अपुरा खेळ कोणीं देऊंच नये काय? तसें आमचें मत नाहीं. पुण्याच्या नॉडिंग हेड्स या लहानशा मंडळीनें 'राजी' नांवाचा, आपल्या पुराणांतील देवदैत्यांवर आधारलेला खेळ करावयास घेतला, व २०१७ सालीं किकस्टार्टरवर लोकांकडे वर्गणी मागितली. ठरविलेली रक्कम जमली नाहीं. तेथील रीत अशी कीं, पुरी रक्कम न जमल्यास कोणाचाही पैसा घेतला जात नाहीं. तरीही त्यांनीं नेट धरला आणि २०२० सालीं खेळ पुरा करून जगापुढें ठेवला. अशा मंडळीस पांच हजार चाहत्यांचा अगाऊ आधार मिळाला तर कोणास वाईट वाटेल? पुण्याच्याच सुपरगेमिंगनें 'इंडस' हा मोबाईलवरील लढाईचा खेळ ऑक्टोबर २०२४ मध्यें प्रसिद्ध करण्यापूर्वीं निवडक लोकांस चाचणीसाठीं खेळावयास दिला होता. नुसतीं नांवें नोंदविणारेच कोटीहून अधिक निघाले. तेथें प्रवेशास मोल नव्हतें. नाटकमंडळ्या रंगीत तालमीस जाणत्यांना बोलावीत, त्यांतलाच हा प्रकार. तालमीस तिकीट लावलें कीं मात्र प्रश्न बदलतो.

आणि तिकीट लावण्याचाही एक प्रकार आम्हांस मुळींच मानवत नाहीं. खेळ पुरा तयार आहे, दोष शोधावयाचे नाहींत, तरी अधिक पैसे भरणारास चार-पांच दिवस आधीं आंत सोडावयाचें! 'स्टारफील्ड' हा खेळ सर्वांस ६ सप्टेंबर २०२३ रोजीं मिळाला; महाग प्रत घेणारांस १ तारखेसच. यास चाहत्यांचा सन्मान म्हणतात. देवळांत पावती फाडून पुढें जाणाऱ्या रांगेस आम्ही भक्ति म्हणत नाहीं, आणि यास सन्मान म्हणण्याचीही आमची तयारी नाहीं.

आमच्या धाकट्या बंधूंची कन्या पुण्यांत अशाच खेळांतील दोष शोधण्याच्या नोकरींत आहे. ती दोन दिवसांसाठीं आली असतां वही तिच्या हातीं पडली. तिनें ती शेवटपर्यंत वाचली व म्हणाली, "काका, यानं काय केल्यावर काय झालं आणि काय व्हायला हवं होतं, तिन्ही लिहिलंय. आमच्याकडे नव्या माणसाला हें शिकवायला महिना लागतो." मुलाचा चेहरा फुलला. पण पुढें ती हंसून म्हणाली, "अशीं मुलं उलट पैसे देऊन हें काम करायला लागलीं, तर आम्हांला पगार कोण देणार?" हंसणें हंसण्यापुरतेंच होतें, हें आम्हांस दिसलें. हजारों घरच्या हजारों तऱ्हेच्या संगणकांवर खेळ कसा चालतो तें चाहतेच सांगूं शकतात, असें ती स्वतःच म्हणाली. पण एकाच भिंतीवर दोनशें वेळां डोकें आपटून पाहणें हें पगारी माणसाचें काम आहे. तें चाहत्यांवर ढकलणारे कर्ते पुढें दोष दुरुस्तही करीत नाहींत, असा तिचा अनुभव.

निघण्यापूर्वीं तिनें मुलास एका दुसऱ्या अपुऱ्या खेळाचें नांव सांगितलें. त्याच्या कर्त्यांचें टिपण दर महिन्यास येतें, आणि आज जेवढा खेळ आहे तेवढाच घेतला तरी पैसे वसूल होतात, असें ती म्हणते. मुलानें मागील बारा महिन्यांचीं टिपणें वाचून त्यांचा गोषवारा आम्हांस लिहून दाखविला व साडेचारशें रुपयांची परवानगी मागितली. आम्हीं ती दिली आहे. खातें मात्र त्याच्या वडिलांचें आहे, आणि ते अद्याप तयार नाहींत.